देवाजी मुंशीची बायोलॉजी

मे महिन्यात आख्खं गाव तेंदूपत्त्याच्या फडावर असतं. पण त्या सोमवारी सकाळी नागभीडजवळच्या त्या गावातली सगळ्यांत कडक मोजणी चालली होती ती देवाजीभाऊंच्या छपरीत. नातीनं, दिव्यानीनं, आदल्या दिवशी नीटचा पेपर दिला होता. शेजारचा अश्वजितही तिच्यासोबत परीक्षेला बसला होता. फिजिक्स-केमिस्ट्रीचं जे व्हायचं ते रात्री उत्तरं जुळवतानाच कळलं होतं. आता सगळी भिस्त बायोलॉजीवर.

"बायोलॉजीत अडीचशेच्या खाली आले तर मी बुधवारी स्वातीसंग पुण्याले चालली," दिव्यानीनं आधीच जाहीर केलं होतं. "कंपनीत पॅकिंग करीन. पुन्हा वर्षभर घोकत बसायची ताकद नाई माह्यात." हे नुसतं बोलणं नव्हतं; मैत्रीण स्वाती दोघींचं तिकीट काढणार होती. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

देवाजीभाऊ म्हणजे वय बासष्ट, पाच एकर धान, आणि चाळीस उन्हाळे फडमुंशी. बाया जंगलातून पानं आणून सत्तर-सत्तरांचे पुडे बांधायच्या, फडावर रांगेत मांडायच्या, आणि हे मोजायचे. काम पंधरा दिवसांचं, रुबाब मात्र बारमाही. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी हा माणूस पत्रावळी मोजतो असं गाव म्हणतं, आणि या बाबतीत गाव खोटं बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला, फड सुटला. तेव्हापासून मोजायला काही मिळालं की भाऊंचे डोळे चमकतात. आता तर हातात खडू होता!

अश्वजित मोबाइलवरची उत्तरं वाचत होता, दिव्यानी आपल्या पुस्तिकेतली खूण पाहून 'बरोबर' नाहीतर 'चूक' म्हणत होती, आणि भाऊ फरशीवर रेघा ओढत होते.

"बरोबर सत्तर, चूक बारा, सोडले आठ," अश्वजित म्हणाला. "बरोबरचे चार-चार, आबाजी. चुकला तर एक कापायचा."

"मले नको शिकवू. सत्तर चोक दोनशे ऐंशी. आता खराब माल काढू. एका चुकीचे चार गेले, वर दंडाचा एक. बारा पंचे साठ. राह्यले..."

भाऊ थांबले. खडू बोटांत फिरवला.

"दोनशे वीस."

मोबाइलवर मान झुकवलेल्या अश्वजितनं ती वर केलीच नाही. आपले मार्क चांगले निघाल्याची त्याला लाज वाटत असावी. दिव्यानी उठली आणि बॅगेची चेन ओढली.

भाऊंना 'थांब' म्हणायचं होतं, पण हात फरशीवरच्या रेघा पुन्हा मोजू लागला. त्यांना दिसत होतं एक्क्याऐंशी साल, चिमूरच्या कॉलेजामागचं मोहाचं झाड, आणि त्याखाली बारावीच्या बायोलॉजीचा पेपर जुळवत बसलेली सात पोरं. मध्ये गोपाल. काय त्याचा आवाज! "बेडकाच्या हृदयाले कप्पे चार!" त्यानं असं ठणकावून सांगितलं की बाकीचे पाचही जण माना हलवू लागले. धानाच्या बांधीत बेडकांसोबतच वाढलेल्या देवाजीनं तीन लिहिले होते. मग दुसरं उत्तर जुळेना, तिसरं जुळेना. आपण नापास, हे संध्याकाळपर्यंत पक्कं झालं. निकाल पाहायलाही न थांबता देवाजी फडावर गेला. पावसाळा सरता सरता कोणीतरी गुणपत्रिका आणून दिली, तर बायोलॉजीत शंभरात एक्क्याऐंशी. नापास झाला होता तो गोपाल. पण तोवर नागपूरच्या कॉलेजांचे दरवाजे लागून गेले होते. आजही ती मोहाखालची जुळवणी आठवली की भाऊंना हसू येतं, आणि मग ते उगाच काहीतरी मोजत बसतात.

"काऊन थोबाडं पाडून बसले सारे?"

गिरजाबाई डोक्यावरचं पानांचं गाठोडं उतरवत आत आल्या. फडावर मुंशीच्या मोजणीवरून रोज भांडता भांडता यांची भाऊंशी सोयरीक जुळली, हे गावातल्या लेकरालाही ठाऊक. अश्वजितनं हिशेब सांगितला. बाईंनी फरशीवरच्या रेघा पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"ओ मुंशी, फडावर आधी सारे पुडे मोजत होते न तुमी? चांगले-खराब मिळून?"

"हो. मग खराब काढायचा, वर एक दंड."

"मंग इथी मोजले किती?"

"सत्तर. जे बरोबर आहेत ते."

"म्हणजे खराब बारा मांडलेच नाई. मंग जो पुडा मांडलाच नाई, तो काढता कसा? चाळीस वर्षं बायांचे असेच कापले काय?"

भाऊंचे कान लाल झाले. दिव्यानी चेन सोडून खाली बसली, बोटांवर मोजू लागली. "फक्त बारा जातात... दोनशे अडुसष्ट! आबाजी!"

"मी तेच म्हणून राह्यलो होतो," भाऊ म्हणाले, आणि घरातल्या कोणीही त्यावर विश्वास ठेवला नाही.

अश्वजितनं सांगितलं की दोनशे अडुसष्टनं सीट पक्की होत नाही, कटऑफ कुठं जाईल कोणास ठाऊक. दिव्यानी आजोबांकडे पाहत होती. भाऊंनी खडू बाजूला ठेवला आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पांढरी बोटं केसांत उमटली.

"निकाल पाहून जाय, बेटा. नापास झाली तरी पाहून जाय."

दिव्यानीनं मोबाइल उचलला. "स्वाती? बुधवारचं तिकीट नको काढू माह्यं. निकाल जून महिन्यात आहे... नाई गं, रडून नाई राह्यली, माह्या आबाजीची गंमत सांगतो तुले, थांब."