उकळलेलं पाणी

डिसेंबरात अवकाळी पाऊस लागला की आमच्याकडचे द्राक्षवाले कपाळाला हात लावून बसतात, आणि आम्ही दोन रिकामटेकडे दुर्बिणी घेऊन वडूजकडच्या तलावावर जातो. मी फौजेतून निवृत्त झालेला. दोस्त कुपवाडचा जैन व्यापारी, मुंगी दिसली तरी पाय वळवून टाकणारा. त्यावरून मी त्याला लय छळलंय.

त्या सकाळीही भुरभुर चालूच होती. काठाजवळ मासेमारीच्या फाटक्या जाळ्यात एक पट्टकादंब हंस अडकला होता. अख्खा हिमालय ओलांडून आलेला पक्षी, आणि इथं कुणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनात! माझं डोकंच फिरलं. जाळंवाल्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला.

"हळू बोल रं, भितंय ते," म्हणत दोस्त चपलांसकट चिखलात उतरला. मी चाकूनं दोरे कापले, त्यानं पक्षी छातीशी धरला. पंख शाबूत होते, रक्त कुठंच नव्हतं. नुसता गारठला होता. वाचतोय गडी, असं वाटलं आणि मला खरंच आनंद झाला.

गाडीत हीटर लावला, दोस्तानं पक्षी शालीत गुंडाळून मांडीवर घेतला. तिथं रेंज नव्हती, म्हणून ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन करायला मी बांधावर चढलो. डॉक्टरनं उचलला नाही. परत आलो तर दोस्त बाटलीच्या झाकणानं पक्ष्याच्या चोचीत पाणी घालत होता. घरून आणलेलं, गाळून उकळलेलं पाणी. तो स्वतः दुसरं पीत नाही. आपल्याकडं धापा टाकणाऱ्या जिवाला आधी पाणीच पाजतात, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पक्षी खोकल्यासारखा हिसके देऊ लागला. नाकपुड्यांतून पाणी आलं. दोस्त घाबराघुबरा होऊन त्याच्यावर वाकून णमोकार म्हणू लागला, आणि तो म्हणत असतानाच पक्ष्याची मान लोंबली.

गाडी मायणीच्या रस्त्याला लागल्यावर डॉक्टरचा फोन आला. माझे हात स्टिअरिंगवर, म्हणून स्पीकर लावला. गारठलेला पक्षी सापडला, एवढं मी म्हणतोय तोवर तो सुरूच झाला.

"गरम ठेवा, कोरडं ठेवा. आणि पाणी अजिबात पाजू नका हां, थेट फुफ्फुसात जातं."

मी झटकन फोन कापला. पण ऐकू जायचं ते गेलंच होतं. कसंबसं विटा गाठलं. शेवटी मला राहवेना.

"आवं शेठ, थंडीनं गेला तो. आपण पोचलो तवाच मेल्यात जमा होता."

त्यानं शालीवरचा हात काढला नाही.

"न्हाई रं," तो म्हणाला. "मान वर करून माझ्याकडं बघितलं त्यानं. म्हणून तर पाजलं."