खुंटीवरचा एप्रन

माझ्या मावशीला सगळी गल्ली भट्टीवाली म्हणायची. तोंडाची भलती फटकळ. पाव करपलाय म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती आधी डोळे तपासून घ्यायला सांगायची आणि मग दुसरा पाव फुकट द्यायची.

तिचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, पीठ झकास मळायचा, पण त्यात मीठ घालायला हटकून विसरायचा. युद्धावर निघाला त्याच्या आदल्या दिवशीही सगळे पाव अळणी निघाले. मावशीनं त्याला गिऱ्हाइकांदेखत झाडलं. तो नुसता हसत होता.

पुढे तो शत्रूच्या हाती सापडला. लढाई थांबल्यावर सरकारी माणूस येऊन सांगून गेला, की कैद्यांच्या छावणीतच तो आजारानं गेला. ना देह आला, ना अंगावरचा कपडा. मावशीनं सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा असेल, म्हणाली आणि परत पिठाकडे वळली. दादाचा एप्रन खुंटीवर होता, तो ती दर आठवड्याला धुऊन पुन्हा तिथंच अडकवायची. मला ते बघवत नसे, रागही यायचा. एकदा समजवायला गेलो, तर तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग एके सकाळी दारात एक हाडांचा सापळा झालेला तरुण उभा राहिला. दादाबरोबर छावणीत होतो, म्हणाला. मावशीनं त्याला बससुद्धा म्हटलं नाही. सांत्वनाला आलेल्या कितीतरी जणांना तिनं असंच वाटेला लावलं होतं.

तो उभ्यानंच सांगू लागला. तिथं भूक सोसवेनाशी झाली, की दादा सगळ्यांना तोंडी पाव करून खिलवायचा. पीठ चाळायचा, मळायचा, फुगत ठेवायचा, भट्टीत सरकवायचा. शेवटी त्याला उठवत नव्हतं, तरी रोज सांगायचा. ऐकून ऐकून याचं ते पाठ झालं होतं. सुटून आल्यावर यानं घरी तसाच पाव केला.

"फुगला मस्त," तो म्हणाला, "पण चवच नाही हो काकू. त्याचं काही सांगायचं राहिलं का, तेवढं विचारायला आलो."

मावशीचे हात पिठातच थांबले.

"मीठ," ती म्हणाली.

ती तशीच पोत्यावर बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली. तिला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"कार्ट्यानं तिथंही तुम्हाला अळणीच खायला घातलं रे."

बऱ्याच वेळानं ती उठली. खुंटीवरचा एप्रन काढून तिनं त्या पोराच्या हातात दिला आणि हात धुऊन यायला सांगितलं.