दामले सरांचं खंडन

दामले सरांशी भांडताना आधी आपलंच बोलणं पुन्हा ऐकावं लागे. "सर, चहा गोड झालाय," म्हटलं की ते डोळे मिटून माझ्याच सुरात म्हणत, "'चहा गोड झालाय,' असं सुमनबाईंचं म्हणणं. आता खंडन."

ही खोड त्यांच्या अभ्यासातली. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले पाद्री छापील पत्रकं काढून एकमेकांवर तुटून पडत. चर्चमधला प्रसाद घेताना गुडघे टेकावेत की नाही, यावरून समोरच्याला सैतानाचा आचारी ठरवत. सरांनी ते सगळं इथे कॅनडात, किचनर गावातल्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून आयुष्यभर वाचलं.

आमच्या मराठी मंडळाचे गुरुजी पार पश्चिम किनाऱ्यावर सरेला मुलाकडे मूव्ह झाले, तेव्हा मी जाहीर केलं, यंदा गणपतीची पूजा मी सांगणार. वय पंचावन्न, म्हणजे अक्कल यायची होती. संस्कृत थोडं होतं, तोरा भरपूर. मतदान ठरलं. मी पत्रक लिहिलं, 'युगानुयुगे' हा शब्द जागा दिसेल तिथे कोंबला आणि हॉलमध्ये गठ्ठा ठेवला. लोकांनी त्यावर बटाटेवडे खाल्ले.

बाईने पूजा सांगण्याला सर विरोधात. "बाई, मी तुम्हाला छापणार!" म्हणाले, आणि छापलंच. त्यांच्या शिव्या वाचायला सगळे टपलेले. मला त्यांनी 'पदर खोचलेलं वादळ' म्हटलं होतं. पण पद्धत पाद्र्यांची: माझं एकेक वाक्य जसंच्या तसं ठळक टाइपात, त्याखाली बारीक टाइपात खंडन. चष्मे विसरून आलेल्या अर्ध्या मंडळाने नुसतं ठळक वाचलं. मी जिंकले!

"सर, मुद्दे तेवढे घ्यायचे. सगळं कशाला छापलंत?"

"समोरच्याचं कापून छापणं हा भ्याडपणा, बाई. माझ्या काही पाद्र्यांची पत्रकं जाळून टाकली होती. आज ती वाचता येतात, ती शत्रूने खंडनात छापली म्हणून."

त्यानंतर दरवर्षी पूजेला ते पहिल्या रांगेत बसून माझे उच्चार तपासत. मत मात्र बदललं नाही.

गेल्या विंटरमध्ये सर गेले. दामले वहिनींचा फोन आला. "विधी सुमनबाईच सांगतील, असं बजावून गेलेत. मी विचारलं, मत बदललं का हो? म्हणाले, छे! पण तिचं काही गाळायचं नाही."

फ्युनरल होममध्ये मी उभी राहिले. "'बायकांनी पौरोहित्य करू नये,' असं दामले सरांचं म्हणणं," मी त्यांच्याच सुरात म्हणाले. 'आता खंडन' म्हणायच्या आधी मी त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हणा की," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "ते थांबलेत."

मी मंत्र सुरू केला.