तेल लागलेला पेशंट

१९५१ साल. मी सव्वीस वर्षांचा. वसईच्या पाचूबंदरला इनासच्या दारात स्ट्रेचर घेऊन उभा होतो आणि त्याची आई मला आत जाऊ देत नव्हती.

मी वसईत सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या, दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या पट्टीला कधी कुणी नाव ठेवलं नाही. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली तसं पेशंट उचलून आणायचं कामही माझ्याकडंच आलं. दुसरे हात लावायला घाबरत. घाबरायचो मीही. सिस्टर आन्ना म्हणायच्या, येशूलाच उचलतोयस असं समज. मी तसं समजायचो आणि घरी जाऊन पुन्हा पुन्हा हात धुवायचो.

इनासची बायको रोझी सकाळपासून जुलाब-उलट्यांनी आटून गेली होती. इनास मला बोलवायला धावला, तेवढ्यात म्हातारीनं फादरांना बोलावून सुनेला शेवटचं तेल लावून घेतलं. आम्हा ख्रिस्ती लोकांत मरणाऱ्याला फादर पवित्र तेल लावतात. तेव्हा समजूत अशी, की तेल लागलं म्हणजे माणूस देवाला दिला. मग औषध नाही, सुई नाही, घराबाहेर नेणंही नाही. फादर तेल लावून पुढच्या घरी निघून गेले होते.

"मावशी, बाजूला हो. सलाईन लावली तर वाचेल ती." सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. शिरेतून देतात.

"देवाला दिलेली परत मागतोस? तू कोन रे, बिशप लागून गेलास?"

"बिशप तुझं ऐकून परत जाईल. मी नाय जानार."

इनास जमिनीकडं बघत होता. दारातूनही रोझीचे खोल गेलेले डोळे दिसत होते. तान्हं पोर शेजारणीच्या मांडीवर रडत होतं. भांडत बसलो असतो तर दारातच सगळं संपलं असतं.

मी म्हणालो, "बरं. मरायचीच आहे तर इथं कशाला? दवाखान्याच्या चॅपलात वेदीसमोर मरू दे. तसं मरन कुनाला मिळतं?"

चॅपल म्हणजे दवाखान्यातली प्रार्थनेची छोटी खोली. म्हातारी म्हणाली, "वेदीसमोर? शब्द दे."

"दिला."

इनासनं पुढची बाजू धरली, मी मागची. श्वास चालू आहे का ते बघायला मी सारखा थांबत होतो. इनास ओरडला, "मानू, बघू नको, चल!" म्हातारी मागून रोझरीची माळ म्हणत येत होती.

दवाखान्याच्या दारात सिस्टर आन्ना म्हणाल्या, "वॉर्डात घे."

"नाही. चॅपलात."

"मानवेल, पटकीचा पेशंट चॅपलात?"

"शब्द दिलाय, सिस्टर. सुई तिथंच लावा."

सिस्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि ट्रे उचलला. वेदीसमोर चटई टाकली. बाटली मोठ्या मेणबत्तीच्या स्टँडला टांगली. सुई बघून म्हातारी किंचाळली, "फसवलंस मेल्या!"

"वेदी ही, रोझी ही. शब्द मोडला कुठं?"

सिस्टरांना शीर सापडेना. अंगातलं पाणी आटलेल्या माणसाची शीर दबते, सुई आत जात नाही. हाताला झालं, पायाला बघितलं. मला प्रार्थनाही आठवेना. नुसतं "आता, आता" म्हणत होतो. मग एकदाची सुई बसली. बाटलीत बुडबुडा वर आला, तेव्हा कुठं मी खाली बसलो.

बाटल्यांवर बाटल्या गेल्या. दिवस कलायच्या आत रोझीनं पोराचं विचारलं. इनास तोंड फिरवून रडला. म्हातारी माळ पहिल्यापासून म्हणायला लागली. रोझीला आम्ही वॉर्डात हलवलं.

मग मदर आल्या. दवाखान्याच्या मुख्य त्याच. भडकल्या. उद्या सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी सगळं चॅपल फिनाईलनं धुवायचं, आणि खोटं बोलल्याबद्दल कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढं पाप कबूल करायला, जायचं.

"धुतो. खोटं बोललो नाही तर कन्फेशन कशाचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपल धुतलं, बाकांच्या खालूनसुद्धा. मग फादरांच्या दारात गेलो.

"कन्फेशनला आलास?"

"नाही, फादर. पटकीचं बोलावणं आलं की माणूस आधी माझ्याकडं धाडा. स्ट्रेचर जड असतं, मला वेळ लागतो. तुमची तेलाची बाटली हलकी आहे, तुम्ही मागून निघालात तरी पोचता."