आधी ओरडायचं

ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. खरं तर हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागायची सवय लागली आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि चारचौघांत बोलायला तर मला कधीच जमलं नाही.

आमचे मालक फुटबॉल खेळायचे. मूळ गडहिंग्लजचे. कोल्हापुरात तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात, तिथल्या एका तालमीनं त्यांना सीझनसाठी पैसे देऊन आणलं आणि आम्ही कसबा बावड्यात खोली घेतली. ॲडव्हान्स खोलीच्या डिपॉझिटमध्येच गेला. पळण्यात यांच्यापेक्षा चांगले पुष्कळ होते. यांना आणलं होतं ते पडण्यासाठी.

पडणं ते मोबाईलवर शिकले. अमेरिकेतली ताडासारखी उंच माणसं हातानं चेंडू आपटत खेळतात, तो बास्केटबॉल ते जेवताना बघायचे. "ह्याचा हात बघ. समोरच्याचा हात सोताच काखंत धरलाय आन् वरडतोय, मला धरलं म्हणून." त्यांना मोठं कौतुक वाटायचं. मग वाकळ अंथरून माझ्यासोबत सराव. मी बोट लावलं की हे भिंतीपर्यंत उडायचे.

"ढकल की जरा जोरात!"

"लागंल तुमाला."

"लागलं की वरडायचं नसतंय, येडे. लागायच्या आदी वरडायचं. पंच शिट्टी कानानं वाजवतोय, डोळ्यानं न्हवं."

एकदा मात्र गॅसच्या टाकीवर त्यांची नडगी खरंच आपटली. तोंडातून आवाज आला नाही. खाली बसले, ओठ पांढरे, माझ्याकडे नुसते बघत राहिले. ते माझ्या ध्यानात राहिलं.

मैदानावर मी एकदाच गेले. सेमीफायनल होती, बरोबरी चालली होती. बायकांच्या बाजूला जाळीला चिकटून उभी होते. यांनी आधी दोनदा अंग टाकलं होतं. दोन्ही वेळा आधी ओरडले, मग पडले. पंचानं हसून हात हलवला. समोरचं पब्लिक ओरडत होतं, "ए नाटक्या, बायकूला सांग कडंवर घ्यायला!"

तिसऱ्यांदा ते गोलजवळ चेंडू घेऊन वळले आणि समोरच्या संघातल्या बॅकचा बूट त्यांच्या गुडघ्यावर आला. हे पडले. आवाज नाही.

शिट्टी वाजली, पेनल्टी मिळाली. यांचा कॅप्टन खाली वाकून हसत म्हणाला, "झकास! बास आता, ऊठ." हे उठेनात. "आरं टाइम खातोय म्हणून कार्ड दील त्यो!" म्हणत दोघांनी यांना काखेत हात घालून उभं केलं आणि त्याच पायावर चालवत लाइनीपर्यंत आणलं. गुडघा नको तिकडे वळत होता.

मी जाळीचं दार ढकलून आत गेले. पायांत चप्पल नव्हती, कुठं राहिली कळलं नाही. "सोडा त्यास्नी," मी म्हणाले. "खरंच लागलंय. ते वरडलं न्हाईत." माझा आवाज जवळच्या पोरांपुढे गेला नसेल.

सगळं मैदान हसलं. "वैनीबी शिकल्या व्हय! आता सासूला बोलवा!" "स्ट्रेचर नगं, पालखी आणा पालखी!" कॅप्टननं माझ्या खांद्याला धरून मला बाहेर काढलं. "वैनी, बास झालं. एवढं न्हवतं सांगितलं."

ज्यानं लाथ मारली तो समोरचा बॅक एकटाच येऊन म्हणाला, "लागलंय त्येला. माज्या बुटाला कळलंय." त्याच्याच लोकांनी त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या फेकल्या. तेवढ्यात पेनल्टीचा गोल झाला. आमची तालीम जिंकली, पोरं गुलालात नाचायला लागली, आणि त्या गोंधळात रिक्षा मी शोधली.

डॉक्टर म्हणाले, आतला दोर तुटला आहे. आणि त्या पायावर चालवलं नसतं तर थोडं वाचलं असतं. हे हसले. दवाखान्यात हसलेलं तेवढंच.

सूज उतरायच्या आत तालमीचा कारभारी सफरचंदं घेऊन आला. पिशवी ठेवली आणि म्हणाला, "पावणं, निम्मा सीझन ऱ्हायलाय. निम्मा ॲडव्हान्स परत द्याचा बगा. आमी बी पब्लिककडनं गोळा केल्यात." हे म्हणाले, "तुमचीच मॅच जिंकून दिली की." तो म्हणाला, "ती पेनल्टीनं जिंकली."

मी लग्नाच्या हॉलांत चपात्या लाटायला जायला लागले. मिळतील तसे पैसे नेऊन द्यायची. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं मला बघून गुडघा धरून रस्त्यावर लोळायची आणि "वरडलं न्हाईत, वरडलं न्हाईत" असं माझ्या आवाजात म्हणायची. मी पदर पुढं ओढून आत जायची. कारभारी पैसे खिशात घालायचा, मान हलवायचा. किती आले, किती राहिले, ते कधी सांगायचा नाही.

शेवटचे द्यायचे त्या दिवशी हे काठी टेकत सोबत आले. कट्ट्यावर एक पोरगं यांना बघून मुद्दाम पडलं. हे थांबले, नीट बघितलं आणि म्हणाले, "वरडायला उशीर केलास." पोरं खो-खो हसली. हेही हसले. मला ते हसणं यांच्या गुडघ्यापेक्षा वाईट दिसलं.

कारभाऱ्यानं नोटा मोजल्या, खिशात घातल्या, मान हलवली.

"म्हना की," मी म्हणाले.

"काय म्हनू, वैनी?"

"फिटलं म्हना. बाहेर ऐकू जाईल असं."

त्यानं यांच्याकडे बघितलं. हे काठीकडे बघत होते. मी दारातून हलले नाही.

"फिटलं!" तो ओरडला. "समदं फिटलं!"

बाहेरची पोरं गप्प झाली.