सरसकट नियम वर बसला तेव्हा

जासईच्या एका कंटेनर यार्डात मंजुषा कणसे प्रोग्राम लिहिते. वडील कोंडिबा साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात पोती वाहून थकलेले. मुलीचं काम काय, हे त्यांना एवढंच कळतं की तिच्या हाताला घट्टे पडत नाहीत.

धान्याच्या कंटेनरमध्ये कीड मारायला विषारी गॅस सोडतात. दार उघडण्याआधी मीटर आतली हवा तपासतो आणि आकडा मंजुषाच्या प्रोग्रामकडे पाठवतो. गॅस उरला असेल तर ती चूक धरून प्रोग्रामने दार अडवायचं.

पण खाडीच्या खाऱ्या हवेत मीटर सारखे बंद पडत. बाहेर ट्रेलर तुंबत. सुपरवायझर दिनानाथ येऊन म्हणाले होते, "मॅडम, तुमचा मीटर शिंकला की माझे चाळीस ड्रायव्हर बोंबलतात. कायतरी करा."

तिने एक नियम वाढवला. कोणतीही चूक आली तर पुन्हा तपास. तीनदा आली तर मीटर बिघडला असं समज आणि दार उघडायच्या परवानगीची चिठ्ठी छाप. जुनी माणसं दार किलकिलं करून वास घेतात, तेवढं पुरे, असं तिने धरलं. घाईत हा नियम तिने गॅसच्या नियमाच्या वर टाकला.

प्रोग्राम चूक घेऊन वरून खाली एकेका नियमाला विचारत जातो, ही तुझी का? पहिला जो हो म्हणेल, त्याच्याकडे ती राहते. खालच्यांना कुणी विचारत नाही. म्हणून नेमके नियम आधी लिहायचे आणि सरसकट शेवटी. नवशिक्यालाही हे ठाऊक असतं.

आठ दिवसांनी, दुपारी, दुसरंच काही शोधताना तिला तो क्रम दिसला. तिने पडद्यावर शेवटची चिठ्ठी उघडली. चार मिनिटांपूर्वीची. सातवी ओळ, दार उघडणाऱ्याचं नाव सदू. मीटरचा मूळ आकडा मर्यादेच्या कितीतरी वर.

तिने फोन लावला. "दिनानाथ, सदूकाकांना थांबवा."

"कसं थांबवू? आत जाताना फोन गेटवर जमा करायचे, तुमच्याच मीटिंगमध्ये ठरलं."

ती धावली. सातवी ओळ लांब होती आणि कंटेनर सगळे सारखे दिसत होते. टोकाशी सदू एक कडी उचलून दुसरीला हात घालत होता.

"काका, हात काढा."

"का गो? चिठ्ठी हाय ना."

"आत गॅस आहे."

"मंग चिठ्ठी छापली कोनी?"

"मी."

त्याने कडी हळूच खाली बसवली. दोघं वाऱ्याकडे सरकली.

"वास आला होता का काही?"

"या नाकाला सुकटीबिगर काय कलत नाय."

क्रम बदलायला तिला मिनिटही लागलं नाही. आठ दिवसांत त्या नियमाने एकतीस चिठ्ठ्या गेल्या होत्या. कोणती मीटरमुळे, कोणती गॅसमुळे, हे आता प्रत्येकीच्या मूळ आकड्यावरून काढावं लागणार होतं. तिने सगळी दारं बंद करवली. यादी घेऊन ती माणसांत बसली आणि विचारू लागली, डोकं दुखलं, मळमळलं?

सदूने बराच वेळ आठवलं. "शुक्रवारी वकलो व्हतो. बायको बोलली, ऊन लागला."

शुक्रवारी त्याच्या नावावर दोन चिठ्ठ्या होत्या.

"गाडी काढा," ती दिनानाथना म्हणाली. "यादीतले सगळे दवाखान्यात."

गेटबाहेर हॉर्न सुरू झाले होते. दिनानाथ आवाज खाली आणून म्हणाले, "वर काय कळवू? मीटर बिघडला म्हणू?"

"मीटर बरोबर होता," ती म्हणाली. "माझं नाव घाला."