सारिकाचा वाफा आन् माझं खुरपं

हसू नका म्हटलं तरी तुमी हसणारच, म्हणून आधी चहा खाली ठेवा. आता कसं सांगू तुमाला, लेकीचं कौतुक बघायला गेलते आन् स्वतःचंच हसं करून आले!

आमची सारिका तळेगावच्या पुढं विद्यापीठात झाडांचं शिकती. आमच्या औंढे गावातली एवढं शिकणारी पहिलीच पोरगी, बरं का! तिथल्या बागेत पोरांना एकेक वाफा दिलाय. त्या दिवशी पाव्हणे वाफे बघायला यायचे होते. ज्याचा वाफा आवडंल त्याला मोठी बाग करायला मिळणार. सारिका म्हणाली, "आई, तू पायजेसच!"

मी नवी साडी नेसून हजर. "हा माझा वाफा. बस हितं, मी मॅडमना आणते," म्हणून पोरगी पळाली.

बघते तर काय! शेजारच्यांची मेथी, पालक कसं ओळीत. आन् माझ्या लेकीच्या वाफ्यात? कुर्डू, टाकळा, तेरडा! गुडघाभर रान! अगं बाई, माझ्या वावरात तणाची काडी दिसत न्हाई, आन् लेकीची ही तऱ्हा? पाव्हणे म्हणतील, आईनं काय शिकवलं हिला?

खोचला पदर. खुरपं तितंच पडलेलं.

वॉचमन धावत आला. "मावशी, कुणाला विचारलंत का?"

"लेकीच्या वाफ्यात कुणाला इचारायचं? तू तो ढीग उचल!"

घटकाभरात वाफा असा लख्ख केला, की पंगत बसवावी! एकच झाड ठेवलं, पिवळ्याधमक फुलांचं. म्हटलं, पोरीनं लावलं असणार ते हेच. त्याला आळं केलं, पाणी घातलं.

तेवढ्यात सारिका आली. मागं मॅडम, मागं पाव्हणे.

"आई... माझी झाडं?"

"कसली झाडं? सगळं तण काढलं बघ!"

"अगं, तेच लावलं होतं मी! आपल्या मावळातली रानझाडं. बी आपल्याच बांधावरनं नेलं होतं."

मी राहिलेल्या झाडाकडं बोट केलं. "आन् हे पिवळं?"

"ते बाहेरच्या देशातलं. तेवढंच उपटायचं राहिलं होतं!"

मला वाटलं, आता पोरगी तोंड लपवंल. पण न्हाई! माझा मातीचा हात धरून पाव्हण्यांना म्हणाली, "ही माझी आई. ही सगळी झाडं मला हिनंच दाखवली." डोळे भरून आले ओ माझे.

मग आमी मायलेकींनी ढिगातलं सगळं परत लावलं. मी तण लावतीय आन् वर पाणी घालतीय! सासूबाईंनी बघितलं असतं तर घरात घेतलं नसतं.

मॅडमनी बोलावलं म्हणून पंधरा दिवसांनी पाव्हणे परत आले. कुर्डू ताठ उभं! तण कधी मरतंय व्हय? मोठी बाग सारिकालाच मिळाली.

परवा बाग बघायला गेलते. गेटावर वॉचमननं हात जोडले. "या मावशी, तुमच्या सारिकाचीच बाग हाय. फकस्त पिशवी उघडा, खुरपं न्हाई ना त्यात?"

आता तुमच्यापासून काय लपवू, होतं की!